परिच्छेद नऊ

वकीलबाईंनी लाल पेन दिलं, म्हणाल्या,
फुगवलेलं दिसेल तिथं रेघ मारा.
मळ्यातली त्यांची खोली, खाली बेकरी,
कागदांनासुद्धा पावाचा वास.
सुगंधाचं प्रतिज्ञापत्र, चौदा पानं.
परिच्छेद नऊ : अज्ञान मुलीचा मासिक खर्च.
अज्ञान म्हणजे वयात न आलेली, बाईंनी सांगितलं.

आधी माझी बाजू झाली होती.
पगार किती?
मी विचारलं, कुठल्या महिन्याचा?
बार्जीवरचा माणूस मी. सारमानसहून मुरगावपर्यंत
खनिज चाललं तर आमचं चालतं.
जून ते सप्टेंबर बार्ज नांगरलेली, अर्धा पगार,
खाण बंद पडली त्या वर्षी तोही नाही.
बाई म्हणाल्या, सरासरी काढू.
सगळ्याची बेरीज, भागिले बारा.
एकोणीस हजार चारशे.
असा महिना मी आयुष्यात कधी पाहिला नाही.

मग रात्री मोजल्या.
शनिवार, चवथीचे चार दिवस, मेमधले दोन आठवडे,
बार्ज बंदरात अडकली ते शनिवार वजा.
तीनशे पासष्टांत एकसष्ट.
हे आपल्या बाजूनं फारसं नाही, बाई म्हणाल्या.
माझ्याकडचा उर्वीचा ब्रश
दोन वर्षं झाली, अजून नवाच दिसतो.
मी हे बोललो नाही. रकाना नव्हता.

तर, पेन हातात.
शाळेची फी. बरोबर.
बालरथ चुकल्यावर रिक्षा, सहाशे.
महिन्यातून इतक्यांदा चुकतो?
चुकत असेल. तिला झोपेतून उठवणं मला ठाऊक आहे.
दूध, अंडी, फळं.
मानकुराद लिहिला असता तर मारली असती रेघ,
तिनं केळी लिहिली होती.
गणिताची शिकवणी, आठशे.
गणित? मला तर म्हणाली होती, पैकीच्या पैकी.
श्वासाचा पंप, चारशे तीस.
हा कधीपासून?
चष्मा, अठराशे, पावती जोडली आहे, परिशिष्ट क.

परिशिष्ट क उघडलं.
पणजीचं दुकान, फेब्रुवारीची तारीख,
उजवा डोळा उणे दीड, डावा उणे दोन.
आठ महिने दर शनिवारी
ती माझ्यासमोर टीव्ही बघत होती, जरा पुढे सरकून,
आणि मी म्हणत होतो,
मागे हो, डोळे बिघडतील.

काय झालं, बाईंनी विचारलं. खोटं आहे का काही?
मी पान उलटलं, पुन्हा मागे आलो.
शेवटी ‘इतर’ असं छापलेलं होतं,
त्याच्यापुढे सुगंधानं आडवी रेघ ओढली होती.
ती किराणाच्या यादीतही इतर कधी लिहीत नसे.
मी पेनाला टोपण लावलं.

आकडा अजून ठरलेला नाही.
त्यांचे बारा हजार, आमचे सहा,
पुढची तारीख अकरा.

शनिवारी फेरीबोट चोडणला लागली.
पायी माणसाला तिकीट नाही,
आमच्या सगळ्या हिशेबात हा एवढाच प्रवास फुकट.
उर्वी उतरली. दप्तर मी घेतलं,
पुढचा कप्पा वरूनच चाचपला. डबी होती.
म्हटलं, घाल.
ती थांबली. मग म्हणाली,
आई म्हणाली होती तुला सांगायला.
मीच म्हटलं नको, बाबा पैसे मोजत बसेल.

धक्क्यावर नुस्तेंवालीनं टोपली डोक्यावर घेतली,
दोन स्कूटर आमच्यामधून गेल्या.
मांडवीत एक बार्ज वर निघाली होती,
रिकामी, म्हणून पाण्यावर उंच.
नाव वाच, म्हटलं.
तिनं वाचलं.
खालचा नंबरही वाचला, मी विचारला नव्हता.
मग कडेला बांधलेल्या टायरांवरचे बगळे मोजायला लागली,
मोठ्यानं, बोट करून,
सातावर होती तेव्हा एक उडाला.
थांब, म्हणाली, पुन्हा पहिल्यापासून.